आठवड्याचा मेनू बुधवारीच का मोडतो

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही डोंबिवलीत राहता, नोकरी मुंबईत, घरी पोचायला पावणेआठ. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, नऊ आणि पाच वर्षांच्या दोन मुली आणि सासूबाई. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, मोठी मुलगी उसळ बघून नाक मुरडते. आठवड्याचा मेनू तीनदा लिहून फ्रिजवर चिकटवलात, तिन्ही वेळा तो बुधवारपर्यंत मोडला. मग बाहेरून मागवणं, नाहीतर मॅगी. शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझ्यातच शिस्त नाही का?"

शिस्तीचा काही संबंध नाही. मी ठाण्यात 22 वर्षं जेवणाचे डबे केले. सहा डब्यांपासून सुरुवात केली, शेवटी चाळीसच्या आसपास गेले. इतक्या वर्षांत आठवड्याचा मेनू मी एकदाही लिहिला नाही. भाजी कोणती ते आदल्या दिवशी ठरायचं, तेही बाजारात काय बरं मिळालं त्यावर. पण पहाटे साडेचारला गॅस पेटवताना ओट्यावर काय काय तयार असणार, हे आठवडाभर आधी पक्कं असायचं. तुम्ही नेमकं उलटं केलंत. पदार्थ पक्के केलेत आणि तयारी सोडून दिलीत.

तुमचा कागद बघा ना. सोमवारी भेंडी, मंगळवारी मटकी, बुधवारी मेथी. सोमवारी भेंडी झाली. मटकी रविवारी रात्री भिजवायची राहिली, म्हणून मंगळवारी बटाट्यावर भागवलंत. बुधवारी स्टेशनबाहेर मेथीची जुडी घेतलीत, घरी आलात, आणि रात्री आठ वाजता कोण मेथी निवडत बसणार? जुडी फ्रिजमध्ये गेली आणि शुक्रवारी पिवळी पडून कचऱ्यात. मेनू कुठेच चुकला नव्हता. कुठल्या पदार्थाची सुरुवात कधी करायची, तेवढंच त्या कागदावर नव्हतं.

एक दिवस घड्याळ लावून बघा. अर्धा किलो भेंडी धुऊन, एकेक पुसून, देठं काढून चिरायला माझ्यासारख्या हात बसलेल्या बाईला 15 मिनिटं लागतात, दमून आलेल्या माणसाला 25 धरा. कढईत तीच भेंडी पंधरा मिनिटांच्या आत होते. बहुतेक रोजच्या भाज्यांचं असंच आहे. गॅसवरचा वेळ कमी करायला लोक महागडी भांडी घेतात, पण वेळ खातं ते निवडणं, चिरणं, सोलणं, भिजणं. एवढंच काम संध्याकाळच्या बाहेर काढायचं.

सगळ्यात आधी वाटण. रविवारी एका गोष्टीलाच वेळ द्यायचा असेल तर तो वाटणाला द्या. एक किलो कांदे उभे, पातळ चिरा. जाड बुडाच्या कढईत दोन पळ्या तेल, कांदा आणि चिमूटभर मीठ. मिठाने कांद्याला लवकर पाणी सुटतं आणि तो लवकर मऊ पडतो. मध्यम आचेवर अर्धा तास तरी लागतो. पहिली पंधरा मिनिटं मध्येमध्ये हलवलंत तरी चालतं, शेवटची दहा मिनिटं मात्र कढईपाशीच उभं राहायचं. रंग गुळाच्या जरा अलीकडे आला, कडेने तेल दिसायला लागलं आणि भरलेली कढई निम्म्याहून खाली गेली की बंद करा. याच्या पुढे गेलात तर कडवटपणा येतो आणि तो कुठल्याही मसाल्याने झाकत नाही. सुक्या खोबऱ्याचे वाटीभर काप वेगळे भाजा, कांद्याबरोबर नको, कारण खोबरं आधी करपतं. वीसेक लसणीच्या पाकळ्या आणि दोन बोटं आलं. सगळं पूर्ण गार झाल्यावर, पाणी जवळजवळ न घालता वाटा.

हे वाटण जाड प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत भरून, हाताने दाबून बोटभर जाडीचं सपाट करा. सुरीच्या बोथट बाजूने वरून चौकटी आखा, चॉकलेटच्या वडीला असतात तशा, आणि पिशवी फ्रीझरमध्ये आडवी ठेवा. गोठल्यावर हवे तेवढे तुकडे मोडून निघतात. पाच माणसांच्या उसळीला दोन तुकडे पुरतात, रस्सा हवा असेल तर तीन. डब्यात भरून गोठवलंत तर दगड होतो आणि रात्री आठ वाजता त्यावर चमचा वाकवत बसावं लागतं. मी बसले आहे.

या वाटणात मसाला घालू नका, टोमॅटोही नको. म्हणजे त्याचं काहीही करता येतं. गोडा मसाला आणि गूळ पडला की मटकीची उसळ, कांदा-लसूण मसाला पडला की घाटी रस्सा, मालवणी मसाला पडला की अंडी किंवा चिकन. आधीच मसाला घालून ठेवलात की आठवडाभर सगळ्या भाज्यांना एकच चव लागते, आणि तिसऱ्या दिवशी मुली ताट सरकवतात. मग आपण म्हणतो, मुलांना घरचं आवडत नाही.

सासूबाईंसाठी वेगळा स्वयंपाक करू नका. आषाढी ते कार्तिकी एकादशी म्हणजे वर्षातले चार महिने, तेवढा काळ दोन कढया परवडत नाहीत. ओलं खोबरं, जिरं, हिरवी मिरची आणि कोथिंबिरीचं छोटं वाटण करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. ओल्या खोबऱ्याचं काही फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दोन-तीन दिवसांपुढे ठेवू नका, वास बदलतो. उसळ साध्या हिंग-मोहरीच्या फोडणीत शिजवा. शिजली की त्यांची वाटी बाजूला काढून तिच्यात हा हिरवा तुकडा घाला, उरलेल्या कढईत कांद्याचं वाटण. चातुर्मास नसतानाही माझ्याकडे लहान मुलांचे डबे असेच वेगळे निघायचे, तिखट पडायच्या आधी.

आता भिजवण्याचं. इथेच सगळे गडगडतात, कारण मटकी खायच्या दिवशी आठवते. रात्री दहाला भिजवलेली मटकी सकाळी उपसून, ओल्या फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवायची. आपल्याकडच्या उकाड्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, डिसेंबर-जानेवारीत दुसरी सकाळ उजाडते. मोड आले की कोरडे करून डब्यात, फ्रिजमध्ये. म्हणजे मंगळवारच्या उसळीची सुरुवात रविवारी रात्रीची. तुमच्या भिंतीवर कालनिर्णय असेलच. दुधाचे खाडे जिथे लिहिता तिथेच, रविवारच्या चौकोनात, पेन्सिलीने लिहा: "मटकी भिजव". पदार्थ खायच्या दिवशी लिहू नका, हात लावायच्या दिवशी लिहा. तुमचा चिकटवलेला कागद आणि माझी वही यांत फरक असेल तर एवढाच. संकष्टीही त्याच पानावर दिसते. त्या दिवशी सासूबाईंचं जेवण चंद्रोदयानंतर, वेळ तिथेच छापलेली. म्हणजे त्या संध्याकाळी धावपळ नको, वरण-भात आणि एखादी बटाट्याची भाजी निवांत होते.

उन्हाळ्यात जपा. एका मे महिन्यात दोन किलो मटकी मी घट्ट बांधून कोपऱ्यात ठेवली आणि लग्नाला गेले. परत येऊन गाठ सोडली तर आतून गरम वाफ आली, मोड चिकट आणि आंबूस वास. क्षणभर वाटलं, चांगली धुऊन झणझणीत फोडणी दिली तर कळणार नाही. टाकून दिली, आणि दुसऱ्या दिवशी चाळीस डब्यांत बटाट्याची भाजी गेली. बुळबुळीत झालेले मोड टाकायचेच. राजमा आणि छोल्यांना मोड नकोत, रात्रभर भिजले की पुरे, पण भिजवलेलं पाणी फेकून नव्या पाण्यात कुकरला पूर्ण मऊ शिजवा. राजमा अर्धवट शिजलेला खाल्ला तर पोट नक्की बिघडतं. आणि वालाच्या वाटेला आठवड्याच्या मध्ये अजिबात जाऊ नका. बिरड्या सोलायला घरातली सगळी मंडळी बसवता येतील असा रविवार गाठा.

पालेभाजी निवडायचं काम टीव्हीसमोरचं. मेथी, पालक निवडा पण धुऊ नका, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, तीन-चार दिवस टिकते. धुतलेली भाजी लवकर सडते. वर्तमानपत्रात गुंडाळायची सवय मलाही होती, पण छपाईची शाई अन्नाला लागू नये म्हणून आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच वर्तमानपत्र वापरू नका असं सांगितलंय. जुनी सुती साडी फाडली की दहा फडकी होतात. फरसबी, गवार, कोबी चिरून ठेवले तरी दोन दिवस जातात. भेंडी धुऊन, पुसून ठेवा, चिरा आयत्या वेळी. वांगी, बटाटे चिरून ठेवू नका.

कुकर लावताना एका वेळी दोन दिवसांची तूरडाळ लावा. हळद, हिंग, थेंबभर तेल घालून शिजवा आणि फोडणी घालायच्या आधी निम्मी काढून गार करून फ्रिजमध्ये टाका. आज तूप-लिंबाबरोबर साधं वरण, उद्या त्याचीच आमसूल-गूळ-गोडा मसाल्याची आमटी. पालक शिल्लक असेल तर परवा डाळ-पालक, पण त्याहून पुढे ओढू नका. भाताचं मात्र असं करू नका, भात रोजचा रोज. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर राहिला तर त्यात असे जंतू वाढतात, ज्यांचं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. उरलाच तर तास-दोन तासांत ताटात पसरून गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून फोडणीचा भात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताची सकाळी फोडणी देण्याची आपली जुनी चाल आहे, मी ती सोडली. चाळीस घरांचं जेवण हातात असलं की माणूस घाबरट होतो, आणि ते बरंच.

मंगळवारची संध्याकाळ आता अशी जाईल. पावणेआठला घरात शिरलात. चपला काढून, हात धुऊन आधी कुकर: खाली पाणी, एका डब्यात डाळ, वर तांदूळ. सकाळी निघताना डाळ धुऊन पाण्यात टाकून फ्रिजमध्ये ठेवली असेल तर तीन शिट्ट्यांत मेणासारखी होते. गॅस पेटवा आणि तोंड धुऊन या. आठला दुसऱ्या शेगडीवर कढई, तेल, मोहरी, हिंग, हळद, मग मोड आलेली मटकी. दोन मिनिटं परता. वर झाकण, झाकणात पाणी. ते पाणी गरम झालं की तेच आत ओतायचं, गार पाणी घातलं तर मटकी ताठरते. या दहा मिनिटांत मोठीचा गृहपाठ बघून होतो. मटकी बोटाने दाबली की तुटली पाहिजे, पण तिचा गाळ व्हायला नको. मग सासूबाईंची वाटी बाजूला, उरलेल्यात वाटणाचे दोन तुकडे, गोडा मसाला, मीठ, सुपारीएवढा गूळ, एक उकळी. साडेआठला पानं घ्यायला हरकत नाही.

पोळ्या राहिल्या म्हणाल. पोळ्यांबद्दल मी स्पष्ट बोलते, काही जणींना आवडत नाही. पाच माणसांच्या बारा-पंधरा पोळ्यांना मळण्यापासून ओटा पुसेपर्यंत पाऊण तास जातो. बाकी सगळी तयारी असली तरी हा पाऊण तास तिथेच उभा असतो. कणिक सकाळी मळून, वरून तेलाचा हात लावून, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळी आल्याआल्या बाहेर काढा. त्याच दिवशी संपवा. मी एकदा घरच्यासाठी तीन दिवसांची कणिक मळून ठेवली होती, तिसऱ्या दिवशी ती काळपट पडली आणि पोळ्या वातड झाल्या. भाकरीचं पीठ तर मळून ठेवायची गोष्टच नाही. नाहीतर सरळ पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणा, भाजी-आमटी घरची करा. मी स्वतः लोकांना पोळ्या विकून घर चालवलं, त्यामुळे विकतच्या पोळीला कमीपणा मानणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि आठवड्यात दोन रात्री पोळी नकोच: एक खिचडीची, एक थालीपिठाची.

थालीपिठाची भाजणी ही पूर्वीच्या बायकांनी करून ठेवलेली सगळ्यात हुशार तयारी. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे, जिरं, सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं. भाजण्याचा वेळ आधीच खर्च केलेला असतो, म्हणून आयत्या वेळी फक्त कांदा चिरायचा, पाण्यात भिजवायचं, थापायचं. सोबत दही आणि लोणी असलं की कोणी भाजी विचारत नाही. महिन्याला किलोभर आणून ठेवा. तिच्या शेजारच्या बरणीत आधीच भाजून गार केलेला रवा. त्याचा उपमा पंधरा मिनिटांत होतो.

गाडी अडकली, नऊ वाजले, काहीच भिजलेलं नाही, अशी रात्र येणारच. तिच्यासाठी कुळथाचं पीठ घरात असू द्या. कोकणात याला पिठी म्हणतात. फोडणीत लसूण, मिरची, कांदा. तीन वाट्या पाण्यात अर्धी वाटी पीठ गुठळ्या न राहता कालवून ओतायचं, दोन आमसुलं, मीठ, आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. हात थांबला की तळाला लागतं. दुसऱ्या शेगडीवर मऊ भात. पापड भाजायचं काम मोठ्या मुलीला द्या. वीस मिनिटांत सगळे जेवायला बसतात आणि हॉटेलवाल्याचा माणूस अजून वाटेतच असतो. सासूबाईंच्या पिठीत चातुर्मासात कांदा-लसणीऐवजी जिरं-हिंग.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. तुमच्या प्रश्नात यजमानांचा उल्लेख घरातल्या माणसांच्या मोजणीतच आहे, कामात कुठे नाही. रात्री दहाला कडधान्य भिजवणं आणि सकाळी ते उपसून बांधणं, ही दोन कामं त्यांच्या नावावर लिहा, त्याच कालनिर्णयवर. स्वयंपाक येत नाही ही सबब इथे चालत नाही, कारण यात स्वयंपाक नाहीच. आणि एकदा सांगून झालं की रोज आठवण करू नका. एक दिवस विसरतील, त्या रात्री पिठी-भात खातील.

पहिल्याच रविवारी हे सगळं करायला जाऊ नका. रविवारचे चार तास ओट्यापाशी गेले तर तिसऱ्या रविवारी तुम्हीच कंटाळाल, मग पुन्हा मॅगी. या रविवारी एक किलो कांद्याचं वाटण आणि रात्री दोन वाट्या मटकी, बस. पुढच्या रविवारी पालेभाजीची भर घाला. महिन्याभरात कुठली तयारी तुमच्या घराला उपयोगी पडते आणि कुठली उगाच केली जाते ते कळेल. उपयोगी न पडणारी सोडून द्या. मी चिंचेचा कोळ वर्षभर काढून ठेवत होते, मग लक्षात आलं की आमसूल पाण्यात टाकलं की झालं.

आणि मोठी उसळ खात नाही म्हणता. मंगळवारी तिच्या वाटीतल्या उसळीला जरा जास्त रस्सा ठेवा. वर मूठभर फरसाण, बारीक कांदा, लिंबाची फोड. लिंबू तिलाच पिळू द्या, आणि समोर ठेवताना मिसळ म्हणा. ओट्यावरच्या कढईवर झाकण घालायला विसरू नका, नऊ वर्षांच्या मुलांचं लक्ष फार असतं.